सगळे पंतप्रधान एका मापाचे

हॅरॉल्ड विल्सनचा फोटो चार्टवर एकदा लावायचा की दोनदा, यावरून आजी-नातीचं बिनसायला सुरुवात झाली.

कुमुदिनीबाई मिरजेच्या मुलींच्या शाळेत उभी हयात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. एप्रिलच्या शेवटी त्या लेकीकडे, जर्मनीत कार्ल्सरूहेला आल्या होत्या, ते जुलैत परत जायच्या बोलीवर. लेक ऊर्मिला वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या कंपनीत जायची आणि जावई योखेन मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. सकाळी दोघांनी दार ओढून घेतलं की घरात बाई, घड्याळ आणि खिडकीतून दिसणारी ट्राम. दुपारी सिया शाळेतून यायची. ती सातवीत होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. बाई विचारत, "भूक लागलीय का गं?" आणि सिया काहीतरी लांबलचक बोलून खोलीत निघून जायची. त्या लांबलचक उत्तरात हो होतं की नाही, ते संध्याकाळी ऊर्मिला आल्यावर कळायचं. तोवर पोळ्या वातड झालेल्या असत.

जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना बोलतं केलं, त्यांना स्वतःच्या नातीशी धड चार वाक्यं बोलता येऊ नयेत, हे बाईंना फार लागत होतं. दिवस हातातून चालले होते.

आणि मग जूनमध्ये जीएफएस आलं.

"म्हणजे वर्षातून एकदा एका विषयावर मुलांनी स्वतः तयारी करून वर्गासमोर बोलायचं," ऊर्मिलाने समजावलं होतं. "मार्क परीक्षेइतके धरतात. सियाने इंग्रजी घेतलंय, आणि इंग्रजीत ती आधीच काठावर आहे. हे चांगलं झालं तरच निकालपत्रात नीट काहीतरी येईल."

"विषय काय?"

"ब्रिटनचे पंतप्रधान. महायुद्धानंतरचे. कोण कधी आला, कधी गेला, फोटो, आणि थोडी माहिती. एका प्लाकाटवर, म्हणजे मोठ्या चार्टवर मांडायचं आणि दहा मिनिटं बोलायचं."

बाईंना एकदम पंचवीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. ॲटली! ज्याच्या काळात आपल्याला स्वातंत्र्य मिळालं, तो ॲटली त्यांना शेजाऱ्यासारखा ओळखीचा होता. चार्ट तर त्यांनी किती केले असतील याला गणतीच नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विषय इंग्रजीचा होता. इंग्रजी बाईंना येत होतं आणि सियालाही थोडंफार. बोलायला एक फळी तरी मिळाली.

पहिले दोन दिवस खरंच बरे गेले. सिया दप्तर टाकून जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागली. अर्धं इंग्रजी, अर्धं मोडकंतोडकं मराठी, मध्येच "आल्झो" आणि "गेनाऊ" असे जर्मन भरीचे शब्द, पण बोलू लागली. बाई तिला ईडन आणि सुवेझ कालव्याची गोष्ट सांगत आणि ती पेन्सिल चावत ऐके. तिसऱ्या दिवशी विल्सन आला.

"हा दोनदा येतो," बाई म्हणाल्या. "चौसष्ट ते सत्तर, मग मध्ये हीथ, मग पुन्हा चौऱ्याहत्तर ते शहात्तर. म्हणजे दोन चौकोन, दोन फोटो."

"वन मॅन, वन फोटो," सिया म्हणाली.

"अगं, पण कारकिर्दी दोन आहेत ना!"

"आजी, तो तोच माणूस आहे." हे तिने मराठीत म्हटलं, म्हणजे बाईंना नक्की कळावं म्हणून.

"माणूस तोच, पण—"

"नाइन." म्हणजे नाही.

बाईंनी माघार घेतली नाही आणि सियानेही. दुसऱ्या दिवशी बाईंना टेबलावर जे दिसलं त्याने त्यांचं डोकंच फिरलं. सियाने कॉम्प्युटरवरून सगळ्यांचे फोटो छापून काढले होते, आणि एकही दुसऱ्यासारखा नव्हता. थॅचरबाई वहीच्या पानाएवढ्या. ब्लेअर त्याहून जरा लहान. आणि डग्लस-ह्यूम बिचारा पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडाच मोठा. पांढऱ्या चार्टवर पेन्सिलीने आखलेले चौकोनही तसेच, लहान-मोठे, एकमेकांना रेटत असलेले, वाकडे.

"हे काय गं? हा एवढासा का?"

"वन इयर," सिया खांदे उडवत म्हणाली. "थॅचर इलेव्हन. जास्त वर्षं, मोठा फोटो."

"इतिहासात असं लहान-मोठं करायचं नसतं, बाळ. चार्टवर सगळे सारखे हवेत. लांबून बघणाऱ्याला ओळी सरळ दिसल्या पाहिजेत. हे म्हणजे लग्नातल्या फोटोंचा ढीग सांडल्यासारखं दिसतंय."

सियाने चार्ट उचलला, कपाटावर ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी सुवेझच्या पुढे काही सरकलं नाही.

शनिवारी सकाळी सिया मैत्रिणीच्या वाढदिवसाला हायडेलबर्गला गेली. रात्री तिथेच राहणार आणि रविवारी सकाळी येणार. सोमवारी जीएफएस. चार्टवर पेन्सिलीच्या वाकड्या चौकोनांशिवाय काही नव्हतं.

बाईंची नजर पुन्हा पुन्हा कपाटाकडे जात होती. पोरगी नाचतेय आणि इथे चार्ट कोरा! मिरजेला असं झालं असतं तर काय झालं असतं? आईने, मावशीने, शेजारच्या दादाने मिळून चार्ट पुरा केला असता. प्रोजेक्ट मुलाच्या नावावर असलं तरी काम घरादाराचं, हे तिकडे बाईंपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक. त्यात कोणी लपवाछपवी करत नाही की कोणी विचारत नाही. मुलाने ते नीट पाठ करून म्हणून दाखवलं की झालं.

ऊर्मिला आणि योखेन बाजाराला आणि तिथून योखेनच्या आईकडे जायला निघाले होते. "आई, सियाचं सामान हलवू नकोस हं," ऊर्मिला चपला घालता घालता म्हणाली.

"हलवते कशाला? जरा आवरते."

दार लागलं. बाईंनी चार्ट खाली काढला आणि आधी खोडरबरने सगळे चौकोन पुसले.

मग पट्टी घेतली. सारख्या अंतराच्या ओळी आखल्या. फोटोंचं काय करायचं हा प्रश्न होता. लहान फोटो मोठा करता येत नाही, पण मोठा लहान करता येतो. बाईंनी डग्लस-ह्यूमचं माप घेतलं आणि कात्रीने सगळ्यांना त्या मापात आणलं. थॅचरबाईंचे केस गेले, मोत्यांची माळ गेली, नाक-डोळे तेवढे राहिले. विल्सनचा दुसरा फोटो हवा होता म्हणून प्रिंटर चालू केला. तो कुरकुर करत एक निळसर, आजारी विल्सन ओकला आणि मग दिवा लाल करून बसला. शाई संपली होती. असू दे, बाई म्हणाल्या, माणूस ओळखू येतोय ना. सामानातून फेविकॉलची ट्यूब काढली. ती त्यांनी मिरजेहून आणली होती, कारण कुठल्याही परक्या डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. फोटो असे चिकटवले की वारा आला तरी कोपरा उचलणार नाही. आणि खाली काळ्या जाड पेनाने, त्यांच्या त्या नावाजलेल्या अक्षरात, इंग्रजीत नावं आणि सालं. शेवटी टोनी ब्लेअर, १९९७–२००७, तिथल्या आकड्यांत.

संध्याकाळी योखेन आला, चार्टपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "ओ. शोन." म्हणजे सुंदर, एवढं जर्मन बाईंना येत होतं. पण मग तो पिशव्या घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

ऊर्मिला मात्र तिथेच थांबली. "आई, हे सगळं तू केलंस?"

"मग भुताने केलं का? बघ, कसं उठून दिसतंय."

"सिया येऊ दे," ऊर्मिला म्हणाली, आणि कपाळावरून हात फिरवत आत गेली.

सिया रविवारी सकाळी आली ती गालाला चमकी लावलेली आणि हसत. चार्टवर नजर पडली आणि हसू जागच्या जागी गेलं. ती ओरडेल असं बाईंना वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने थॅचरबाईंच्या चौकोनावर बोट ठेवलं, नखाने कोपरा उचलून बघितला, तो उचलला गेला नाही. मग ती आईकडे वळून जर्मनमध्ये भराभर बोलत सुटली आणि बोलता बोलता रडायला लागली.

"काय म्हणतेय ती? मला सांग ना काय म्हणतेय."

"ती म्हणतेय, हे मी केलेलं नाही."

"अगं, पण म्हणजे काय, आपल्याच घरात—"

"आई, ऐक. यांना शेवटी एक कागद जोडावा लागतो. हे काम मी स्वतः केलं, असं लिहून खाली सही. खोटी सही केली आणि तिच्या वर्गाच्या बाईंना कळलं तर सगळ्यात खालचा मार्क. आणि कळणारच. हे अक्षर सातवीतल्या पोरीचं आहे असं कोण म्हणेल?"

"कुणी विचारलं तर सांगायचं, आजीने मदत केली."

"ही मदत नाही ना आई! मदत म्हणजे तू सुवेझ सांगितलंस ती. हे तू तिच्या हातातून काढून घेतलंस."

बाईंना राग आला. राग ऊर्मिलाचा, त्या सही मागणाऱ्या शाळेचा, फेविकॉलचा. "मी तिच्या भल्यासाठीच केलं. सोमवारवर आलं होतं आणि ही नाचायला गेली होती!"

"आणि हे," सिया नाक पुसत मराठीत म्हणाली, "हे फाल्श आहे. चूक." तिचं बोट ब्लेअरच्या सालावर होतं. "तो अजून आहे. उद्या पण आहे. बुधवारी जाणार."

बाईंनी वाकून पाहिलं. वर्तमानपत्रातून, टीव्हीवरून, सगळीकडून तो जाणार जाणार म्हणून चाललं होतं, म्हणून हात लिहून गेला होता. न संपलेल्या कारकिर्दीला शेवटचं साल लावणाऱ्या मुलीच्या वहीवर त्यांनी स्वतः लाल गोल काढला असता. त्या खुर्चीत बसल्या.

"नवा कागद आणू या," त्या म्हणाल्या. "मी जाते. कुठे मिळतो सांग."

"आज रविवार आहे, आई. इथे रविवारी काही उघडं नसतं. पेट्रोल पंपावर पाव मिळेल, चार्ट नाही मिळणार."

चार्ट उलटा करून बघितला तर काळी शाई आरपार उतरली होती. योखेनने केस वाळवायच्या मशीनने फोटो गरम करून सोडवायचा प्रयत्न केला. ईडनचा कान तेवढा फाटला. "आई, गुड ग्लू," तो गंभीरपणे म्हणाला. दुसऱ्या वेळी बाईंना हसू आलं असतं. "अहो योखेनराव, राहू द्या आता," त्या म्हणाल्या.

मग योखेनला काहीतरी आठवलं. तो खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेला आणि धुळीने माखलेली एक गुंडाळी घेऊन आला. घर रंगवताना भिंतीला लावून उरलेला कागद. पुढून खरखरीत, मागून गुळगुळीत पांढरा. त्याने बैठकीच्या दारापाशी एक टोक धरलं आणि सियाने गुंडाळी ढकलली. ती घरंगळत थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेली.

सिया त्या लांबलचक पांढऱ्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली. गालावरची चमकी रडून ओघळली होती. मग ती एकदम खाली बसली, चार बोटं आडवी टेकवली आणि म्हणाली, "आइन यार." एक वर्ष. पुन्हा चार बोटं. आणखी एक वर्ष.

बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. फोटो लहान-मोठे करायची आता गरज नव्हती. चेहरे एकाच मापाचे, पण प्रत्येकापुढची जागा त्याच्या वर्षांइतकी लांब. पण चेहरे कुठे होते? चेहरे फेविकॉलने चार्टला जखडलेले होते.

सिया कात्री घेऊन आली. ती चार्टपाशी गुडघ्यांवर बसली, कात्रीचं तोंड उघडलं आणि थांबली. तिने मान वर करून आजीकडे पाहिलं. पाहण्यात माफीही नव्हती आणि धमकीही नव्हती. ती नुसती विचारत होती.

बाईंनी चार्टवरच्या अक्षरांकडे पाहिलं. ॲटलीच्या जोड 'टी'वरची ती एकसंध आडवी रेघ त्यांना दुसऱ्यांदा तशी जमली नसती. शनिवारची सगळी दुपार कमरेचं दुखणं सोसून वाकून काढलेली ओळन्‌ओळ.

"काप," त्या म्हणाल्या.

कात्री चालली. नावं, सालं, सरळ आखलेल्या रेघा कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि चार्टचं जाड अस्तर लागलेले तेवढे चेहरे उरले.

पुढची दुपार बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण दुपार होती, असं त्या पुढे सांगत. कारण त्यांना काही करायचं नव्हतं. सिया बजावून मोकळी झाली होती: हात नाही लावायचा. बाई खुर्चीत, हात मांडीवर. समोर पोरगी पट्टी न घेता रेघ मारतेय आणि रेघ डावीकडे उतरतेय. मॅकमिलनच्या नावात एक अक्षर गाळलंय, मग वर बाण काढून घुसवलंय. बाईंच्या घशात शब्द येत होते आणि त्या ते गिळत होत्या. दोनदा उठून त्या उगाच पाणी प्यायल्या.

"आजी!" सियाने एकदा हाक मारली. हीथ संपला होता, पुढे चौऱ्याहत्तर आलं होतं आणि तिच्या हातात निळसर, आजारी विल्सन होता. तिने तो पट्ट्यावर ठेवून पाहिला, मग मागे जाऊन पहिल्या विल्सनकडे पाहिलं. इथे मोकळी जागा सोडून चालणार नव्हतं. "ओके. दोनदा," ती पुटपुटली. मग निळ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "दुसऱ्यांदा तो दमलेला आहे."

"होताच दमलेला," बाई घाईने म्हणाल्या. "त्याचं असं झालं, त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात खाणकामगारांनी—"

"कुर्त्स, आजी. छोटं सांग."

छोटं! ज्या प्रकरणाला त्या वर्गात दोन तास घेत, ते छोटं. बाईंनी दात-ओठ खाल्ले आणि चार वाक्यांत सांगितलं. सियाने दोनच लिहून घेतली.

पट्टा पुरा झाला तेव्हा सगळे बैठकीच्या दारात उभे राहून बघत होते. थॅचरबाईंचा एवढासा चेहरा आणि त्यांच्यापुढे पावलं मोजत जावं अशी पांढरी वाट. डग्लस-ह्यूमला तर नाव लिहायला जागा पुरली नव्हती, ते खाली उतरलं होतं. ब्लेअरपुढची रेघ मोकळी सुटलेली. उभ्या आयुष्यात बाईंनी 'अकरा वर्षं' हे शब्द किती वेळा उच्चारले होते, पण ती किती असतात हे मुलींना असं चालून दाखवलं नव्हतं. हे त्यांना मान्य करावं लागलं, आणि तरी ती रेघ तिरकीच होती. ती बघवत नव्हती.

सियाने कागदावर सही केली. ती सहीही तिरकी होती.

सोमवारी बाई दुपारपासून खिडकीत. ट्राम आली, गेली, आली. शेवटी सिया काखेत ती मोठी गुंडाळी सांभाळत येताना दिसली. बाईंनी दार उघडून ठेवलं.

"काय झालं गं?"

"त्स्वाय मिनुस," सिया चपला उडवत म्हणाली. म्हणजे दोन, पण त्यापुढे वजाची खूण. एक हा सगळ्यात वरचा मार्क हे बाईंना आता माहीत होतं, म्हणजे दोनही चांगलाच.

"मग वजा कशाला?"

"अक्षर."

बाईंच्या डोळ्यांपुढे कचऱ्याच्या डब्यात गेलेला ॲटली आला. त्या सियाच्या बाईंच्या वर्गात आत्ताच्या आत्ता जाऊन उभं राहावं असं त्यांना झालं, पण तिथे जाऊन सांगणार काय? त्यांनी तव्यावरची पोळी ताटात वाढली. गरम होती.

सिया ताटाशी बसली आणि न विचारताच बोलू लागली. तोंडात घास, मराठीत, मध्येच जर्मन, मध्येच इंग्रजी. पट्टा वर्गात मावेना, म्हणून तो बाहेर कॉरिडॉरमध्ये अंथरला. सगळी मुलं त्याच्या कडेने चालत गेली. मग वर्गातल्या बाईंनी विचारलं, विल्सन परत का आला?

"आणि मी सांगितलं," सिया म्हणाली, "की लोकांकडे लाइट नव्हती. खाणीतले लोक, काय म्हणतात, श्ट्राइक. हीथ म्हणाला, राज्य कोण करतं, मी की ते? लोक म्हणाले, तू नाही. म्हणून विल्सन खूप मतांनी जिंकला, आणि मग तो पाच वर्षं होता, आणि मग दमला."

विल्सन खूप मतांनी जिंकला नव्हता. हीथलाच मतं थोडी जास्त होती, विल्सनला जागा चार जास्त, आणि बहुमत दोघांनाही नव्हतं. पाच वर्षंही तो राहिला नव्हता. पोरीने पट्ट्यावर स्वतःच्या बोटांनी दोन वर्षं मोजली होती आणि वर्गासमोर पाच सांगून आली होती! बाईंचा हात पोळीवर तूप घालता घालता थबकला. दोन्ही चुका त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसल्या.

सिया घास चावत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली, समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढे काय सांगितलंस?"